पचनसंस्थेच्या आजारांवरचं संशोधन आणि छोटं पायलट अनुदान: मुंबईतल्या अर्जदारांचे नेहमीचे प्रश्न

मुंबईतल्या पालिकेच्या, सरकारी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत गॅस्ट्रो, सर्जरी, बालरोग, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, कम्युनिटी मेडिसिन अशा विभागांत काम करणाऱ्या आणि पहिल्यांदाच (किंवा एकदा नकार पचवून दुसऱ्यांदा) छोट्या निधीसाठी अर्ज करणाऱ्यांचे हे प्रश्न आहेत. रकमा आणि मुदती दरवर्षी बदलतात, त्या चालू जाहिरातीतच बघाव्यात. इथे भर आहे तो जाहिरातीत लिहिलेलं नसतं त्यावर.

पायलट अनुदान म्हणजे नक्की काय? छोट्या अभ्यासाला मिळणारे छोटे पैसे?

छोटा अभ्यास आणि पायलट अभ्यास या वेगळ्या गोष्टी आहेत. तीस रुग्णांवर केलेला अभ्यास छोटा असतो, पण त्यातून पुढच्या मोठ्या अभ्यासाबद्दल काहीच ठरणार नसेल तर तो पायलट नाही.

अनेकांना वाटतं, पायलट म्हणजे शितावरून भाताची परीक्षा: वीस रुग्णांत औषध चाललं तर दोनशे रुग्णांतही चालेल. तसं नाही. पायलटमध्ये भात शिजला का हे बघायचं नसतं. चूल पेटते का, पातेलं पुरतं का, पाणी मिळतं का हे बघायचं असतं. रुग्ण तयार होतात का? फॉलोअपला परत येतात का? नमुना लॅबपर्यंत चांगल्या स्थितीत पोहोचतो का? रेसिडेंट बदलला तरी फॉर्म त्याच पद्धतीने भरला जातो का? या प्रश्नांची उत्तरं माहीत नसताना कोटभर रुपयांचा अभ्यास सुरू करणं धोक्याचं असतं, म्हणून आधी काही लाख खर्चून ती मिळवायची.

माझा विषय पायलटसाठी योग्य आहे हे कसं ओळखायचं?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: उत्तर 'हो' आलं तर मी पुढे काय करीन, आणि 'नाही' आलं तर काय करीन? दोन्हींचं उत्तर सारखंच असेल, तर विषय चांगला असूनही तो पायलटचा नाही.

आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण घेऊ. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स डिसीज (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) यांतला फरक ओळखणं आपल्या एंडोस्कोपी रूममध्ये रोजचं दुखणं आहे. दोन्हींत व्रण असतात, दोन्हींत इलिओसीकल भाग (लहान आणि मोठं आतडं जुळतं ती जागा) धरलेला असतो, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (पेशींच्या बारीक गाठी) दोन्हींत सापडू शकतो, आणि क्षयाचे जंतू शोधणारी जीनएक्सपर्ट चाचणी निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असं म्हणता येत नाही. मग अनेकदा क्षयाची औषधं सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून व्रण भरले का ते बघतात. चुकीच्या बाजूला गेलं तर किंमत मोठी असते, कारण क्षय असलेल्या माणसाला क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) दिलं तर आजार पसरतो.

या विषयावर 'नवा बायोमार्कर (आजार ओळखून देणारी मोजता येणारी खूण) शोधू' असा अर्ज दर फेरीला येतो. पण कोणताही बायोमार्कर खरा की खोटा हे ठरतं त्या दुसऱ्या कोलोनोस्कोपीवर. आणि पालघरहून आलेला, रोजंदारीवर काम करणारा माणूस, बरं वाटू लागल्यावर, आदल्या रात्री जुलाबाचं औषध पिऊन, सोबतीला घरातलं माणूस घेऊन दुसऱ्यांदा कोलोनोस्कोपीला येतो का? हा पायलटचा प्रश्न आहे. दिसायला साधा, पण याच्या उत्तरावर पुढची सगळी इमारत उभी राहते.

दुसरं उदाहरण: उंदीर मारण्याच्या पेस्टमधल्या पिवळ्या फॉस्फरसमुळे यकृत निकामी होऊन येणारे रुग्ण. यात सुरुवातीच्या त्रासानंतर अनेकदा काही दिवस रुग्ण बरा दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि मग यकृत कोसळतं. कोणत्याही उपचाराची चाचणी घ्यायची तर आधी समजायला हवं की रुग्ण आपल्यापर्यंत कितव्या दिवशी पोहोचतो, आधी कुठल्या दवाखान्यात जाऊन आलेला असतो, आणि त्या अवस्थेत संमती कुणाकडून आणि कशी घ्यायची. हाही पायलट.

मुंबईत पैसे मिळतात कुठून?

एका दारावर बसू नका, दारं बरीच आहेत.

आपल्याच कॉलेजपासून सुरुवात करा. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत संशोधनासाठी अंतर्गत निधी किंवा रिसर्च सोसायटी असते; रक्कम लहान, पण कागदपत्रं कमी आणि परीक्षक ओळखीच्या इमारतीतले. टाटा मेमोरियल सेंटरसारख्या संस्थांत इंट्राम्युरल (संस्थेतल्याच लोकांसाठीच्या) निधीची वेगळी व्यवस्था आहे. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांना छोटी संशोधन अनुदानं देतं, त्याची परिपत्रकं डीन ऑफिसमध्ये येऊन पडलेली असतात. ती स्वतः जाऊन विचारल्याशिवाय तुमच्या टेबलावर येत नाहीत.

केंद्राच्या पातळीवर आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आहे. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे, दोन महिन्यांची. एमडी, एमएस, डीएमच्या थिसिससाठीही आर्थिक साहाय्य असतं. आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल (बाहेरच्या संस्थांसाठीच्या) योजनेत 'स्मॉल ग्रँट' असा प्रकार दिसेल, पण नावावर जाऊ नका. तिथली मर्यादा कोटींत आहे आणि स्पर्धाही त्याच तोलाची. पायलट पूर्ण करून, त्याचे आकडे हातात घेऊन जाण्याची ती जागा आहे.

पूर्वीचं सर्ब (केंद्राचं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ) आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या सिनियरने सांगितलेली योजनेची नावं शोधत बसू नका. उपकरण किंवा निदानाचं किट बनवण्याची कल्पना असेल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट बघा: ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. त्यात परीक्षक बाजारात जाऊ शकणारं उत्पादन शोधतात, शोधनिबंध नाही. पवईच्या आयआयटीतल्या मंडळींना सोबत घेतलं तर असा अर्ज उभा राहतो. डॉक्टरांना रुग्ण माहीत असतो, त्यांना सर्किट.

बीएएमएसच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेची 'स्पार्क' ही योजना आहे, तीही दोन महिन्यांची. ग्रहणी, अम्लपित्त, मूळव्याध हे विषय वरळीच्या पोदारसारख्या आयुर्वेद कॉलेजच्या ओपीडीत रोज समोर असतात. प्रश्न नेमका मांडला तर छान छोटा अभ्यास होतो.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मुंबईत भरपूर आहे, आणि कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आरोग्य आणि ठरावीक सार्वजनिक संस्थांमधलं संशोधन दोन्ही बसतं. तरी अनुभव असा की सीएसआरवाल्यांना एंडोस्कोपी मशीन देऊन फोटो काढायला आवडतो. 'आम्ही फॉलोअपचं प्रमाण मोजणार' यावर त्यांचे डोळे मिटायला लागतात. तपासणी शिबिराला जोडून संशोधनाचा भाग मांडला तर जमतं.

अमेरिकेतल्या पायलट अनुदानांना इथून अर्ज करता येईल का?

थेट अर्ज बहुतेक ठिकाणी नाही. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा एनआयडीडीके हा विभाग विद्यापीठांमधल्या पचनविकार संशोधन केंद्रांना निधी देतो, आणि ती केंद्रं त्यातून 'पायलट अँड फीजिबिलिटी' अनुदानं वाटतात. ती प्रामुख्याने त्या केंद्राच्या परिघातल्या संशोधकांसाठी असतात. साधारण तीन प्रकारचे लोक त्यात बसतात: नवखे संशोधक, दुसऱ्या क्षेत्रातून पचनविकारांकडे वळलेले अनुभवी लोक, आणि याच क्षेत्रातले पण अगदी नव्या दिशेला जाऊ पाहणारे. ही वर्गवारी आपल्या अर्जातही कामाची आहे. आपण यातले कोण, हे पहिल्या परिच्छेदात कळू द्या.

तिथल्या कुणाबरोबर भागीदारी करून काही पैसे इकडे येणार असतील तर तीन गोष्टी आधी बघा. एक, आरोग्य संशोधनातल्या परदेशी सहकार्याला आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीची मंजुरी लागते. तिचं काम आयसीएमआरमधून चालतं. दोन, पैसे ट्रस्ट किंवा सोसायटीच्या खात्यात येणार असतील तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येते, ती पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. तीन, मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परदेशी उप-अनुदानांची पद्धतच बदलायला घेतली, त्यामुळे जुन्या करारांच्या नमुन्यावर विसंबू नका. एवढं सगळं पाच-दहा लाखांच्या पायलटसाठी करायचं का? माझ्या मते नाही. भागीदार ठेवा, त्यांचं डोकं वापरा, पैसे इथलेच घ्या.

नमुने बाहेर पाठवायचे असतील तर त्यालाही वरची मंजुरी आणि लेखी करार लागतो. 'सर, ड्राय आइसमध्ये पाठवून देऊ' हे वाक्य मीटिंगमध्ये सोपं वाटतं.

मी रेसिडेंट आहे. मुख्य संशोधक म्हणून माझं नाव चालेल?

थिसिस आणि विद्यार्थी योजनांमध्ये चालतं, इतर ठिकाणी बहुधा कायम नोकरीतल्या शिक्षकाचं नाव मागतात. कारण साधं आहे: अनुदान दोन वर्षांचं आणि तुमची रेसिडेन्सी संपायला दहा महिने. गाइडचं नाव वर, तुमचं सह-संशोधक म्हणून, आणि निबंधावर पहिलं नाव कुणाचं हे अर्ज पाठवण्याआधी बोलून घ्या. अवघडल्यासारखं वाटतं, पण नंतर बोलणं जास्त अवघड असतं. 'मॅडम, पेपरच्या ऑथरशिपचं एकदा ठरवून घेऊया का?' एवढं म्हटलं तरी पुरतं.

किती रुग्ण घ्यावेत?

'पायलट आहे म्हणून ३०' हे उत्तर परीक्षकांना पाठ झालेलं आहे. ३० घ्या, हरकत नाही, पण का ते सांगा.

सरासरी आणि विचलनाचा अंदाज हवा असेल तर दर गटात निदान १२ रुग्ण ही संख्याशास्त्रात बरीच उद्धृत होणारी शिफारस आहे. पण पायलटचा मुख्य प्रश्न बहुधा प्रमाणाचा असतो, आणि तिथे हिशेब वेगळा. समजा ६० जणांना विचारलं आणि ४२ तयार झाले. प्रमाण ७० टक्के. पण ९५ टक्के विश्वासाच्या मर्यादा साधारण ५७ ते ८० येतात. म्हणजे खरं प्रमाण ५८ असू शकतं किंवा ७९. तुमचा पुढचा निर्णय या दोन टोकांना सारखाच राहणार असेल तर ६० पुरेसे. बदलणार असेल तर जास्त घ्या.

चाचणीच्या अचूकतेबाबत तर फारच जपून. २० खात्रीच्या रुग्णांपैकी १८ जणांत चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच 'सेन्सिटिव्हिटी (खऱ्या रुग्णांपैकी किती जण चाचणीत सापडतात) ९० टक्के' असं पोस्टरवर छापलं जातं. त्याच आकड्यांच्या मर्यादा साधारण ६८ ते ९९ टक्के आहेत. ६८ टक्क्यांची चाचणी कुणी विकत घेणार नाही.

आणि ३० रुग्णांत एकही गंभीर दुष्परिणाम दिसला नाही, म्हणून उपचार सुरक्षित? शून्य घटना दिसल्या तर वरची मर्यादा ढोबळमानाने तीन भागिले रुग्णसंख्या, म्हणजे इथे १० टक्के. दहात एकाला त्रास होण्याची शक्यता अजून शिल्लक आहे.

संख्याशास्त्रज्ञाला अर्ज लिहितानाच भेटा. प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन विभागात कुणीतरी असतंच. मात्र मुदतीच्या आदल्या संध्याकाळी 'सर, फक्त सॅम्पल साइझचं एक वाक्य द्या' म्हणत गेलात तर एक वाक्यच मिळेल.

पायलटमध्ये पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता) काढायची का?

मुख्य निष्कर्ष म्हणून नाही. पायलट चाचण्यांच्या मांडणीसाठी कन्सॉर्टची (चाचण्यांचे निबंध कसे लिहावेत याचे आंतरराष्ट्रीय निकष) वेगळी मार्गदर्शिका २०१६ पासून आहे, ती वाचा. दोन गटांतला फरक छोट्या नमुन्यातून काढून त्यावरच मोठ्या अभ्यासाची रुग्णसंख्या ठरवणं हीही नेहमीची चूक. छोट्या नमुन्यातला फरक फार हेलकावे खातो.

अर्जात नेमकं लिहायचं काय? थोडक्यात नमुना मिळेल का?

पूर्ण नमुना देत नाही, कारण तो जसाच्या तसा परत येतो. एक परिच्छेद मात्र बघू. बहुतेक अर्ज असे सुरू होतात:

'आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांतील फरक ओळखणे हे भारतातील एक मोठे आव्हान आहे. प्रस्तुत अभ्यासात एका नव्या बायोमार्करची उपयुक्तता तपासण्यात येईल.'

यात खोटं काहीच नाही आणि परीक्षकाला नवं कळलं असंही काही नाही. आता हे वाचा:

'आमच्या ओपीडीत क्षय की क्रोन्स हे ठरत नाही अशा रुग्णांना क्षयाची औषधे सुरू करून १२ आठवड्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपीसाठी बोलावले जाते. किती जण परत येतात याची नोंद ठेवलेली नाही. ४० सलग रुग्णांत आम्ही हे मोजू, आणि न येणाऱ्यांना फोन करून कारण विचारू. ७० टक्क्यांहून अधिक परतले तर याच रचनेत बहुकेंद्री बायोमार्कर अभ्यास प्रस्तावित करू. ५० ते ७० असतील तर प्रवासखर्च आणि फोनची व्यवस्था वाढवू. ५० पेक्षा कमी असतील तर दुसऱ्या कोलोनोस्कोपीवर अवलंबून असलेली रचना सोडून देऊ.'

दुसऱ्या परिच्छेदात जागा आहे, संख्या आहे, आणि अपयश आलं तर काय करणार हेही आहे. शेवटचं वाक्य लिहायला लोक घाबरतात. 'रचना सोडून देऊ' असं लिहिलं तर पैसे कोण देईल? मी पाहिलेल्या परीक्षकांना तर तेच वाक्य सर्वांत जास्त आवडतं, कारण त्यावरून कळतं की अर्जदाराने विचार केलाय.

'सलग' हा शब्दही वाया गेलेला नाही. निवडून घेतलेल्या, फोन उचलणाऱ्या, दादरलाच राहणाऱ्या ४० रुग्णांत ९० टक्के परत येतील. तो आकडा पुढे काही कामाचा नाही.

प्राथमिक डेटा नाही. मग?

म्हणूनच पायलट. पण 'डेटा नाही' आणि 'रजिस्टरही बघितलं नाही' यांत फरक आहे. गेल्या वर्षी एंडोस्कोपी रूमच्या वहीत असे किती रुग्ण होते, एवढं तरी मोजून आणा, तेही योग्य त्या परवानगीने. महिन्याला तीन रुग्ण येत असतील तर वर्षात ४० होणार नाहीत, आणि हे परीक्षकालाही तोंडी करता येणारं गणित आहे.

एथिक्स कमिटी (संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातं का ते बघणारी समिती) आधी की अनुदान आधी?

बहुतेक निधी देणारे अर्ज घेताना कमिटीची मंजुरी मागत नाहीत, पण पैसे सोडताना मागतातच. काही योजनांत अर्जासोबतच लागते. माझा सल्ला: दोन्ही एकाच वेळी चालवा. प्रोटोकॉल तोच असतो.

तुमची कमिटी नोंदणीकृत आहे का ते विचारा. औषधांच्या चाचण्यांसाठी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे आणि इतर जैववैद्यकीय संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे, अशा दोन वेगळ्या नोंदण्या आहेत. छोट्या खासगी रुग्णालयांत अनेकदा यातली एकच असते, आणि अर्जदाराला ते पत्र मिळाल्यावर कळतं.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पुनरावलोकन तीन प्रकारचं: सूट, त्वरित आणि पूर्ण समिती. प्रश्नावलीचा किंवा साध्या नमुन्यांचा अभ्यास त्वरित प्रकारात बसू शकतो, पण ते समितीने ठरवायचं, आपण नाही. परत येणाऱ्या शंका मात्र ठरलेल्या असतात: मराठी आणि हिंदी संमतीपत्र एकमेकांशी जुळत नाही, गुजरातीचं जोडलेलंच नाही, गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र जुनं आहे, बाहेरच्या लॅबशी करार नाही, रुग्णाला इजा झाली तर खर्च कोण करणार हे लिहिलेलं नाही. या पाच गोष्टी आधीच नीट केल्या तर एक मीटिंग वाचते. मीटिंग महिन्याला एक असेल तर वाचला तो महिना.

मराठी संमतीपत्राबद्दल एक पोटतिडकीची विनंती. 'सदर अध्ययनामध्ये आपला सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून' असं लिहू नका. 'भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी इथले उपचार तसेच चालू राहतील.' वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा. त्यांना कळलं तर रुग्णाला कळेल.

पॅथॉलॉजीत पडून असलेले बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे) वापरता येतील का?

निदान झाल्यावर उरलेले आणि ओळख काढून टाकलेले नमुने असतील तर समिती संमतीची अट शिथिल करू शकते. 'करू शकते' यावर भर. आणि ब्लॉक संपवू नका. रुग्णाला उद्या दुसऱ्या मतासाठी तोच ब्लॉक लागू शकतो.

सीटीआरआय (क्लिनिकल चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी लागते का?

हस्तक्षेप असलेली चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. फी नाही. निरीक्षणात्मक अभ्यासही नोंदवता येतात, आणि थिसिस असेल तर नोंदवलेलं बरं.

शौचाचे नमुने घ्यायचे आहेत. बजेटमध्ये काय धरू?

डबी, बर्फ आणि लोकलचा प्रवास.

हसू नका, पायलट बहुधा इथेच फसतो. ओपीडीत डबी दिली आणि 'उद्या घेऊन या' म्हटलं, तर कल्याणचा रुग्ण सकाळी साडेपाचला नमुना घेणार, गर्दीच्या गाडीत दीड तास तो बॅगेत ठेवणार, केस पेपरच्या रांगेत उभा राहणार, आणि अकराच्या सुमारास तो तुमच्या हाती देणार. कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याला सूज असली की शौचात वाढणारं प्रथिन) मोजायचं असेल तर फारसं बिघडत नाही, ते बाहेरच्या तापमानाला काही दिवस बऱ्यापैकी टिकतं. मायक्रोबायोमसाठी (आतड्यातल्या जंतूंच्या अभ्यासासाठी) तोच नमुना अडचणीचा, कारण मधल्या तासांत जंतू वाढत राहतात आणि त्यांचं परस्परांतलं प्रमाण बदलतं. मग नमुना स्थिर ठेवणारं द्रावण असलेली डबी घ्या किंवा रुग्णालयातच नमुना घ्यायची सोय करा. शौचालय स्वच्छ हवं, दाराला कडी हवी. हेही बजेटमध्ये बसतं.

कॅल्प्रोटेक्टिनबद्दल आणखी एक: वेदनाशामक गोळ्यांनी, जंतुसंसर्गाने, आणि आतड्याच्या क्षयानेही ते वाढतं. आपल्याकडे रुग्ण आपल्यापर्यंत येण्याआधी मेडिकलमधून काय-काय घेऊन झालेला असतो, ते फॉर्ममध्ये विचारा.

मग प्लेटचा हिशेब. एलायझाच्या (असं प्रथिन मोजायच्या चाचणीच्या) प्लेटमध्ये ९६ वेल, म्हणजे खळगे असतात. आठ स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने) दुहेरी लावले की १६ गेले. उरलेल्या ८० मध्ये दुहेरी पद्धतीने ४० नमुने बसतात, आणि कंट्रोल लावले तर त्याहून दोन-तीन कमी. तुमचे रुग्ण ४५ असतील तर पूर्ण दुसरी प्लेट लागणार. म्हणजे एक तर ३७ वर थांबा किंवा ७४ पर्यंत जा. रुग्णसंख्या कधीकधी प्लेट ठरवते, आणि तसं प्रांजळपणे लिहायला हरकत नसते.

उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर कुणाचा, किल्ली कुणाकडे, तापमानाची वही कोण भरतं, वीज गेली तर कोणाला फोन जातो, हे अर्जात दोन ओळींत लिहा. उधारीचा कप्पा असेल तर त्या विभागप्रमुखांचं पत्र जोडा.

बाकीचं बजेट?

माणसांवर खर्च करा. छोट्या अनुदानातून सर्वांत जास्त उपयोग होतो तो अर्धवेळ संशोधन साहाय्यकाचा. रेसिडेंट पोस्टिंग बदलून जातात, इमर्जन्सीला पळतात, परीक्षेला बसतात; फॉलोअपचे फोन करायला माणूस उरत नाही.

रुग्णाचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देणं योग्यच आहे, आयसीएमआरची तत्त्वंही त्याला मान्यता देतात. सोबत येणाऱ्या नातेवाइकाचंही धरा. दुसरी कोलोनोस्कोपी नेहमीच्या उपचाराचा भाग आहे की संशोधनाचा, हे स्पष्ट लिहा. संशोधनाचा असेल तर तिचं बिल रुग्णावर पडता कामा नये, बायोप्सीच्या तपासणीसह.

कोटेशन जीएसटी धरून घ्या. किटची एक्स्पायरी बघा: सगळे किट पहिल्याच महिन्यात घेतले आणि रुग्ण जमायला वर्ष लागलं तर निम्मे फेकावे लागतात. संस्थेचा ओव्हरहेड (संस्था स्वतःच्या खर्चासाठी ठेवते तो हिस्सा) किती टक्के कापला जातो हे अकाउंट्सला विचारून मग आकडे लिहा.

उपकरण घेता येईल का?

बहुतेक पायलट योजनांत नाही. लॅपटॉप तर विचारूच नका.

वेळापत्रक किती महिन्यांचं ठेवावं?

मंजुरीपासून पैसे खात्यात येईपर्यंतचा काळ तुमच्या गणितात नसतो, आणि तोच सर्वांत लांब असतो. साहाय्यक नेमायला जाहिरात, मुलाखत, सही. खरेदीला तीन कोटेशन किंवा सरकारी खरेदीचं जेम पोर्टल. पहिली तिमाही यातच गेली असं धरा.

मग मुंबईचं वर्ष असतं. मे महिन्यात निम्मे रुग्ण गावाला. गणपतीत कोकणातले पुन्हा गावाला, दिवाळी-छठच्या सुमारास उत्तरेकडचे. जुलैत पाणी तुंबलं की ओपीडी रिकामी, आणि पुढे हिपॅटायटिस-गॅस्ट्रोने वॉर्ड भरलेले, तेव्हा तुमच्या क्रोन्सच्या फॉर्मकडे बघायला कुणाला वेळ नसतो. १२ आठवड्यांचा फॉलोअप ऐन मे महिन्यात येणार नाही अशी भरती सुरू करा, किंवा गावाकडच्या नंबरसकट दोन फोन नंबर घेऊन ठेवा.

अर्ज नाकारला गेला. शेरे चुकीचे वाटतात. काय करू?

चार दिवस काही करू नका. मग शेरे पुन्हा वाचा. 'परीक्षकाला विषयच कळला नाही' हे कधीकधी खरं असतं, पण पचनविकारांच्या छोट्या निधीचा परीक्षक हृदयरोगतज्ज्ञही असू शकतो, आणि त्याला कळेल असं लिहिणं आपलंच काम होतं. पुढच्या वेळी विभागाबाहेरच्या एका मैत्रिणीला आधी वाचायला द्या. ती जिथे अडखळेल तिथेच परीक्षक अडखळतो.

'नावीन्य नाही' असा शेरा आला आणि तुमचा प्रश्न व्यवहार्यतेचा असेल, तर नावीन्य कोंबू नका. दुसऱ्या निधीकडे जा.

पायलट अपयशी ठरला तर पुढचे दरवाजे बंद होतील का?

४० पैकी १६ जणच दुसऱ्या कोलोनोस्कोपीला आले, असा निकाल लागला तर तो पायलट अपयशी नाही, मोठ्या अभ्यासाचा आराखडा अपयशी आहे, आणि तो स्वस्तात कळला. हे छापा. न येणाऱ्या २४ जणांनी फोनवर सांगितलेली कारणं त्या निबंधातला सर्वांत वाचनीय भाग असेल. खरा अपयशी पायलट म्हणजे ज्यात ४० पैकी ११ रुग्ण भरती झाले, का ते कुणी लिहून ठेवलं नाही, आणि अहवालात 'कोविडोत्तर परिस्थितीमुळे' असं मोघम वाक्य आलं.

पैसे उरले तर? आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट हे काय प्रकरण आहे?

पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले याचा हा दाखला. केंद्र सरकारच्या अनुदानाला त्यासाठी सामान्य वित्तीय नियमांतला १२-अ क्रमांकाचा नमुना लागतो, संस्थाप्रमुखाच्या आणि वित्त अधिकाऱ्याच्या सहीने. तो आर्थिक वर्षाप्रमाणे असतो, तुमच्या प्रकल्पाच्या वर्षाप्रमाणे नाही. म्हणजे प्रकल्प जानेवारीत सुरू झाला तरी ३१ मार्चला पहिला हिशेब. एका शीर्षाखालचे पैसे दुसऱ्याखाली वापरायचे असतील तर आधी लेखी परवानगी, मागाहून खुलासा चालत नाही. उरलेली रक्कम व्याजासकट परत जाते, त्यामुळे प्रकल्पाचं खातं वेगळं असेल तर व्याजाचा हिशेब सोपा पडतो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकाउंट्समध्ये कुणी तुमच्याशी बोलणार नाही. फेब्रुवारीत जा, बिलांच्या झेरॉक्स घेऊन, आणि प्रत्येक बिलावर प्रकल्पाचा क्रमांक आधीच लिहून.